राखणीची बारी

आमच्या गावात गुन्हा केला की पैसे भरून सुटता येत नाही. हे बाहेरच्या पाहुण्याला सांगितलं की तो विचारतो, मग करता तरी काय? आम्ही म्हणतो, काठी देतो. पाहुणा घाबरून जरा मागे सरकतो. मग त्याला चहा पाजून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

खैरवाडी म्हणजे सोनाळ्याच्या अलीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेलं गाव. गावामागे ई-क्लासची जमीन आहे, म्हणजे सरकारदरबारी गुरांच्या चराईसाठी सोडलेली. आम्ही तिला बरड म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नावाला अगदी जागून होती. दगड, कुसळं आणि तरोटा. पाऊस पडला की पाणी वरून निघायचं, नाल्यात उतरायचं आणि आमच्या विहिरींकडे ढुंकूनही न बघता खालच्या गावाला जायचं. मार्च लागला की बायकांच्या डोक्यावर हंडे आणि पुरुषांच्या तोंडी सरकारला शिव्या, एवढीच आमची पाणीयोजना होती.

माझ्या सासूबाई, बनाबाई, एकदा बचत गटाच्या बायकांबरोबर दुसऱ्या तालुक्यातलं एक गाव बघून आल्या आणि तेव्हापासून घरात म्हणून नीट बसल्या नाहीत. त्या गावाने डोंगरावर चर खोदले होते, गुरं बंद केली होती, आणि मे महिन्यात तिथल्या विहिरीत वाकून त्यांनी स्वतःचं तोंड पाहिलं होतं. तेच त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. आधी लोक हसले, मग कंटाळले, आणि शेवटी केवळ त्यांचं बोलणं थांबावं म्हणून कुदळी घेऊन बरडावर आले असं माझे यजमान प्रेमानंद म्हणतात. कसे का असेना, आले. चर खोदले गेले, ग्रामसभेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली, आणि राखणीला पगारी माणूस ठेवायचा नाही असं ठरलं. राखण गावाची, म्हणून एकेका घराने एकेक दिवस करायची. याला आम्ही बारी म्हणतो.

बारीची एक काठी आहे. तिला वर घुंगरू बांधलेलं आहे, कुणाच्या तरी म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातलं. ज्याची बारी असेल त्याने दिवसभर ती घेऊन बरडावर फिरायचं आणि संध्याकाळी खाली उतरून पुढच्या घराच्या चौकटीला टेकवून ठेवायची. हाक मारायची नाही, हातात द्यायची नाही. घुंगरू वाजलं की आतल्या माणसाला कळतं, उद्या आपण. सहा-सात वर्षांत बारी असलेल्या प्रत्येक चौकटीला एका ठरावीक जागी काठी घासून खूण पडली आहे.

हातात काठी देतात ती फक्त सजा म्हणून. ज्याचं जनावर बरडात शिरेल त्याने ग्रामसभेत उभं राहायचं, सगळ्यांसमोर काठी हातात घ्यायची आणि आठवडाभर राखण करायची. तो आठवडा बाकीच्यांची बारी थांबते. गावातले सर्वांत मोठे शेतकरी हिंमतराव, त्यांचे बैल एकदा आत गेले. हिंमतराव आठवडाभर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात बरडावर फिरले आणि सगळं गाव काहीतरी काम काढून त्या बाजूला जाऊन आलं. तेव्हापासून नियम खरा आहे हे लोकांना पटलं.

आता अजीजचाची. तिचं नाव अजीजुन्निसा, पण एवढं लांब नाव आमच्या गावाच्या तोंडात मावत नाही. आमच्या घराला लागून तिचं घर, मध्ये फक्त एक कडुनिंब. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा जाकीर शेगावला पंक्चरचं दुकान चालवतो. चाचीने जन्मभर बकऱ्या राखल्या, स्वतःच्या आणि गावाच्याही. बरडाचा दगडन् दगड तिला ओळखतो असं लोक म्हणायचे. सासूबाई आणि ती एका वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, एका बांधावर निंदल्या, एकीच्या भाकरीवर दुसरीचं कोरड्यास. एक बुद्धवंदना म्हणणारी, एक नमाज पढणारी, आणि दोघींचं भांडण मात्र एकाच भाषेत.

चराईबंदीचं ठरत होतं तेव्हा सगळं गाव अडून बसलं होतं ते बकऱ्यांवर. ज्याच्या त्याच्या तोंडी, आधी अजीजचाचीच्या बंद करा, मग आमचं बघू. सासूबाई तिच्या ओट्यावर जाऊन बसल्या. काय बोलणं झालं ते दोघींनाच माहीत. पुढच्याच बाजारी चाची सोनाळ्याला गेली आणि दोन पाटी, म्हणजे तरण्या बकऱ्या, सोडून सगळा कळप विकून आली. त्या दोन तिने दारात बांधल्या. मग गावाला बोलायला जागाच उरली नाही.

आणि त्याच गावाने बाऱ्या लावल्या तेव्हा तिचं घर वगळलं.

कारण विचाराल तर दया. म्हातारी बाई, एकटी, चढावर पाय घसरला तर जाकीरला काय तोंड दाखवायचं? सासूबाईच म्हणाल्या, तिच्याकडून बकऱ्या घेतल्या, आता राखणपण घ्यायची का? गावाने माना डोलावल्या. गवताचा तिचा वाटा मात्र पक्का, तोही घरपोच. पण मला विचाराल तर त्या दयेच्या पदराखाली थोडा संशयही होता. बकऱ्यावालीच्या हाती राखण म्हणजे कुंपणानेच शेत खायचं, असं पारावर कुणीतरी बोललं होतं आणि त्याला कुणी गप्प केलं नव्हतं.

माझ्या मते कुणी आपल्याला नाही म्हणालं तर भांडता येतं. 'तू बस, तुला कशाला त्रास' म्हणालं की काय करायचं?

आमच्या घरानंतर बारी चाचीची असायला हवी होती. ती जायची तिच्या पलीकडच्या गीताबाईंकडे. संध्याकाळी काठी घेऊन मला चाचीच्या दारावरूनच जावं लागायचं. ती ओट्यावर बसलेली असायची. तिथून जाताना माझी मूठ आपोआप घुंगराभोवती आवळली जायची, आणि ती माझ्या मुठीकडे बघायची. मला त्या चार पावलांचा फार राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

दिवाळीनंतर बरडावर गवत कापतात. प्रत्येक घरचं माणूस विळा घेऊन जातं, गाणी होतात, चेष्टामस्करी होते. चाचीच्या दारात पोरं भारे टाकून यायची. पहिल्या वर्षी तिने त्यांना दुवा दिली. नंतर नंतर ती काही बोलेनाशी झाली. गेल्या वर्षी तिने भाऱ्यांना हातच लावला नाही. ते रस्त्यावरच पडून राहिले, गावच्या गायींनी खाल्ले. बायका म्हणाल्या, फुकटचं मिळतं म्हणून माज आला. सासूबाईंनी त्या दिवशी जेवताना भाजीला नावं ठेवली, आणि भाजी चांगली झाली होती.

यंदा पोळा झाला आणि आमच्या घरची बारी आली. मला बरं नव्हतं म्हणून सासूबाई स्वतः गेल्या. बरडावर गवत कमरेला लागत होतं. दुपारी त्यांना खालून दोन बकऱ्या येताना दिसल्या. त्यांच्यामागे अजीजचाची, पदर खोचून, सावकाश. चराजवळ आल्यावर बकऱ्या थबकल्या, कारण गेली कित्येक वर्षं त्यांनी दोराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चाचीने त्यांना मागून ढकलून आत घातलं. मग ती चराच्या काठावर बसली आणि सासूबाईंची वाट बघू लागली.

सासूबाई काठी घेऊनच घरी आल्या त्या तोंड पाडून. मी विचारलं तर म्हणाल्या, अजीजचं डोकं फिरलं. कुणाला न सांगता विषय मिटवायचा त्यांचा विचार होता. पण चाची तोवर हिंमतरावांच्या दारात जाऊन स्वतःच वर्दी देऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. चाची मधोमध उभी राहिली. बसायला सतरंजी टाकली तर बसली नाही. सगळ्या गावाने मनाशी ठरवलेलं होतं की म्हातारीला सोडवायचं. मी आजवर लोकांना गुन्हेगाराला खोटं बोलू नको म्हणताना ऐकलं होतं, त्या दिवशी अख्खं गाव एका बाईला खोटं बोल म्हणून विनवत होतं.

सासूबाईंनी सुरुवात केली.

"दोर जुना झाला असंन. तुटला असंन."

"दोर नवा हाय," चाची म्हणाली. "मागच्या बाजारी सोनाळ्यातून आणला."

"मंग गाठ सैल पडली असंन."

"गाठ म्या सोडली."

मागे कुणीतरी हसू दाबलं. सासूबाईंनी तिकडे बघितलं आणि ते हसू जागीच मेलं.

"काऊन सोडली?"

"बकऱ्या बरडात जाव्या म्हून."

एकाने सुचवलं की वयाचा विचार व्हावा. दुसरा म्हणाला, पहिलीच वेळ आहे. तिसऱ्याने तर बकऱ्यांनी खाल्लं किती, दोन घास, असा हिशेब मांडला. माना हलू लागल्या आणि माफी द्यायचं जवळजवळ ठरलंच. तेवढ्यात हिंमतराव उठले. ते सभेत क्वचित बोलतात.

"माह्ये बैल गेले तवा म्या म्हणलं होतं, गड्याचं चुकलं. तुमी म्हणलं, बैल कोनाचे? म्या उगामुगा काठी घेतली. आता हिले सोडसान तर उद्या माह्ये बैल पुन्हा जातीन, अन् मंग म्या काठी धरणार नाही."

"हिंमतराव बरोबर बोलून राह्यले," चाची म्हणाली.

सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. सभेत बोलतात तसा नव्हता तो, आमच्या ओट्यावर दोघी बोलतात तसा होता.

"अजीज, तुले झेपन का वं? तथी चढ हाय."

"त्या चढावर म्या जिंदगी काढली. तू मले चढ सांगतं?" चाचीने पदर सारखा केला. "बना, बकऱ्या इका म्हणलं तवा म्या गावातली होती. राखणीच्या टायमाले म्या बिचारी झाली. माह्या दारावरून काठी जाते अन् तुही सून घुंगरू मुठीत दाबते. गवत येते थे भिकेवानी येते. आता म्या गुन्हा केला. सजा तरी गावातल्या माणसासारखी दे."

माझे कान तापले होते. सगळं गाव माझ्या मुठीकडे बघतंय असं मला वाटत होतं, आणि कुणीच बघत नव्हतं. जो तो आपापल्या पायाकडे बघत होता. आम्ही या बाईवर दया करून करून तिला गावाबाहेर नेऊन ठेवलं होतं, आणि परत आत येण्यासाठी तिला चोरी करावी लागली होती.

सासूबाई उठल्या. कोपऱ्यातली काठी घेतली आणि चाचीपुढे धरली. घुंगरू वाजलं. चाचीने दोन्ही हातांनी काठी घेतली आणि तशीच, घरी न जाता, बरडाच्या वाटेला लागली. मला आठवलं की तिने भाकरीही बांधून घेतली नव्हती. दुपारी मीच नेऊन दिली.

तो आठवडा गावाने चांगलाच लक्षात ठेवला. चाची सूर्य उगवायला वर आणि मावळल्यावर खाली. शेतावर जाणाऱ्याने वाटेत गवताची काडी तोडून दातात धरली तरी ती हटकायची. आमची कालवड एकदा दावं सोडून चराच्या काठापर्यंत गेली, तर तिला कान धरून आमच्या अंगणात आणलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना सुनावलं, "आत पाय टाकला असता ना, तर तुह्याच हातात काठी देली असती म्या." सासूबाईंनी कालवड बांधली. त्यांना हसू येत होतं आणि ते लपवायला त्या गोठ्यात गेल्या.

चौथ्या का पाचव्या दिवशी जाकीर मोटारसायकलवर शेगावहून आला. कुणीतरी फोन केला असणार. अंगणात उभा राहून त्याने सासूबाईंना बरंच सुनावलं. सत्तरीच्या बाईला डोंगरावर उभं करता, तुम्हाला मौसी म्हणतो आम्ही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग तो आईला आणायला बरडावर गेला आणि बऱ्याच वेळाने एकटाच परत आला. मी चहा दिला.

"अम्मी येत नाही म्हणते," तो म्हणाला. "म्हणते, सजा पुरी व्हायची हाय. खुशीत हाय वो मौसी थे. म्या तिले इतक्या खुशीत पाह्यली नाही."

पण जाताना त्याने आपलं ठरवलेलं सांगून टाकलं. दिवाळी झाली की तो तिला कायमची शेगावला नेणार. घर बंद करणार. दोन बकऱ्या कुणाला तरी देऊन टाकणार. गावात तिचं आता राहिलंय काय, असं विचारून त्याने मोटारसायकलला किक मारली.

आठवडा संपला. चाचीने काठी सासूबाईंच्या हातात आणून दिली, जशी घेतली तशी. दुसऱ्या दिवशी ती गीताबाईंच्या चौकटीला लागली आणि फेरा पुढे चालू झाला. सजा झाली, गुन्हा फिटला. बारीबद्दल ना तिने विचारलं, ना सभेत कुणी विषय काढला. सासूबाई तिच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, पण मी ऐकलं तेव्हा दोघी तुरीच्या शेंगांबद्दल किंवा गुडघ्यांबद्दल बोलत असायच्या. मला दोघींचाही राग आला. बोलायचं ते सोडून जगातलं सगळं बोलणाऱ्या बायका आहेत त्या.

दिवाळी झाली आणि दोन-चार दिवसांत काठी फिरून आमच्या चौकटीला लागली. प्रेमानंद हरभऱ्याच्या पेरणीत अडकले होते, म्हणून मी गेले. बरडावर गवत पिवळं पडलं होतं, कापणीला आलं होतं. खाली विहिरींवर उन्हं पडली होती आणि पाणी वरूनही चमकत होतं. मी दिवसभर एकच विचार करत फिरले. संध्याकाळी काठी घेऊन खाली आले तेव्हा सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"आत्याबाई, काठी कुठी ठेवू?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"ज्याची बारी हाय त्याच्या घरी. मले काय इचारतं?"

मी निघाले. कडुनिंब ओलांडला. मूठ सवयीने घुंगराकडे गेली, ती मी मागे घेतली. घुंगरू वाजत वाजत चाचीच्या दारापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

दार उघडं होतं. आत भिंतीशी एक मोठी पिशवी भरून ठेवलेली होती, वर गोधडी बांधलेली. जाकीर सकाळी येणार होता. चाची पदराला हात पुसत बाहेर आली. तिने काठी बघितली, मला बघितलं. एवढी वर्षं जे दिलं नाही ते मानाने द्यावं असं वाटलं, म्हणून मी दोन्ही हातांनी काठी तिच्यापुढे धरली.

तिने हात पुढे केला नाही.

"सजा हाय का बारी?"

"बारी हाय, चाची."

"मंग हातात काऊन देतं? हातात सजा देतेत. बारी चौकटीले ठेवतेत."

तिचं बरोबर होतं. मी वाकले. चौकटीला कुठेच खूण नव्हती, लाकूड सगळीकडे सारखंच होतं, त्यामुळे कुठे टेकवावी हे क्षणभर कळेना. मग उजव्या हाताला, इतर घरांना असते तिथेच, मी काठी टेकवली. घुंगरू एकदा वाजलं आणि गप्प झालं. चाची आत गेली. पिशवीवरची गोधडी तिने सोडली आणि झटकून बाजेवर टाकली.

मी कडुनिंबाशी पोचते तोच मागून तिचा आवाज आला, बरडावरून हाक मारायची तसा, आमच्या ओट्यापर्यंत जाईल असा.

"बनाले सांग वं, उद्या कालवड बांधून ठेव म्हणा."